जुन्या लेथवर दर पावसाळ्यात परत येणारा टेपर: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

३० मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंग एका टोकाला बोटाने सरकते आणि दुसऱ्या टोकाला लाकडी हातोडीने ठोकावे लागते. पुलीचा बोअर सुरुवातीला घट्ट लागतो आणि आत गेल्यावर खुळखुळतो. बुश घासून गेज आत घातला, तर तो मध्येच अडतो. मायक्रोमीटर लावल्यावर कळते की १५० मिलिमीटर लांबीत व्यासाचा फरक ०.०५ किंवा ०.०८ मिलिमीटर आहे, आणि पुढचा जॉब घेतला तरी तेवढाच फरक त्याच दिशेने येतो. आपण दोष शोधतो, काहीतरी सारखे करतो, दोन-तीन महिने काम उत्तम चालते आणि मग तोच टेपर, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे व्यास बदलत जाणे, पुन्हा हजर होतो. येथे विचार केला आहे तो या शेवटच्या लक्षणाचा, म्हणजे परत परत येणाऱ्या टेपरचा.

माझी साडेपाच फुटी, कोन पुलीची, पट्ट्यावर चालणारी लेथ कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बंद झालेल्या एका कारखान्यातून घेतलेली आहे. ती घरामागच्या शेडमध्ये उभी आहे आणि तो प्लॉट पूर्वी उसाच्या शेताचा होता. पहिल्या वर्षी टेपर आला तेव्हा बेड (बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो लांब सांगाडा) झिजला आहे, ग्राइंडिंगला न्यावा लागेल, असे मी ठरवूनच टाकले होते. प्रत्यक्षात कारण निघाले ते लेथच्या पायाखाली. त्यानंतर स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या मिळून बऱ्याच लेथ या कारणासाठी पाहिल्या; बहुतेक ठिकाणी दोष बेडच्या झिजेत नव्हता. म्हणून खालचा क्रम सोडून थेट खर्चाच्या दुरुस्तीकडे वळू नये, अशी विनंती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. टूल आडव्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर, जेवढे सरकते त्याच्या दुप्पट फरक व्यासात दिसतो. टूल वर किंवा खाली सरकले तर मात्र व्यासावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. ५० मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर टूल ०.१ मिलिमीटर खाली गेले, तर व्यास अर्ध्या मायक्रॉनइतकाही बदलत नाही. त्यामुळे टेपर शोधताना मनात सतत एकच प्रश्न ठेवावा: चकपासून (जॉब पकडणाऱ्या जबड्यांपासून) मोकळ्या टोकाकडे जाताना टूलची नोक स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, अक्षापासून आडव्या दिशेने दूर किंवा जवळ का जात आहे?

पाच मिनिटांच्या, बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी सांगताना थोडा संकोच वाटतो, पण ती वगळता येत नाही. कट बेडवरून सरकणाऱ्या सॅडलने चालला आहे की तिच्या वरच्या, कोनात फिरवता येणाऱ्या कंपाउंड स्लाइडने? छोटा जॉब असला की हात आपोआप कंपाउंडच्या हँडलकडे जातो. जुन्या लेथवर कंपाउंडच्या शून्याच्या खुणेवर विश्वास ठेवता येत नाही. ती ०.१ अंशाने जरी चुकलेली असली, तरी ५० मिलिमीटर लांबीत व्यासाचा फरक सुमारे ०.१७ मिलिमीटर पडतो. टेपर तपासायचा असेल तेव्हा फीड सॅडलचाच असावा आणि कंपाउंडचा गिब (स्लाइडमधला सैलपणा काढणारी पट्टी) घट्ट करून ठेवावा.

दुसरी तपासणी टूलची. बोथट टूल धातू कापण्याऐवजी जॉबला ढकलते आणि जॉब जिथे जास्त लवचीक असतो तिथे तो मागे सरतो. टूलला धार लावावी, नोकेची उंची टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या, जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) सेंटरशी जुळवून घ्यावी आणि टूल पोस्टबाहेर टूल गरजेपुरतेच काढावे.

तिसरी तपासणी जॉबच्या लवचिकतेची. चकबाहेर निघालेला जॉब दाबाखाली किती वाकतो, हे लांबीच्या तिसऱ्या आणि व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. २० मिलिमीटरचा स्टीलचा बार चकबाहेर १५० मिलिमीटर असेल आणि त्याच्या टोकाला टूलचा दाब ५ किलो असेल, तर ते टोक सुमारे ०.०३५ मिलिमीटर मागे सरते आणि व्यासात ०.०७ मिलिमीटर दिसते. त्याच ठिकाणी ४० मिलिमीटरचा बार असेल तर हा फरक सोळापट कमी होतो. ओळखण्याची सोपी खूण अशी की क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे नेणाऱ्या आडव्या स्लाइडच्या) हँडलची डायल न हलवता त्याच कटावरून टूल पुन्हा एकदा फिरवावे. दुसऱ्या फेरीतही मोकळ्या टोकाकडे बारीक बुरा पडत असेल, तर जॉब वाकत आहे आणि लेथचा दोष नाही. अशा जॉबला टेलस्टॉकचा आधार द्यावा किंवा कट हलका घ्यावा.

चौथी तपासणी चकच्या जॉची. अनेक वर्षे फक्त तोंडाशी जॉब पकडला गेल्याने थ्री-जॉ चकचे जॉ पुढच्या बाजूला पसरतात आणि जॉब फक्त मागच्या कडेवर धरला जातो. मग तो कटाच्या दाबाने डुलतो. स्वच्छ, सरळ बारला मार्किंगचा निळा रंग पातळसा लावून तो चकमध्ये घट्ट धरावा व सोडावा. जॉची खूण पूर्ण लांबीवर उमटली नाही, तर कारण मिळाले. तात्पुरते काम फोर-जॉ चकवर करता येते.

जॉब टेलस्टॉकच्या सेंटरवर टेकवूनच टेपर येत असेल आणि चकमध्ये एकट्या जाड बारवर येत नसेल, तर टेलस्टॉक बाजूला सरकलेला आहे. टेलस्टॉककडचे टोक बारीक निघाले, तर तो आपल्याकडे सरकला आहे. जाड निघाले, तर पलीकडे. बाजूचे स्क्रू सैल-घट्ट करून तो जागेवर आणता येतो. मात्र क्लँप आवळल्यानंतर पुन्हा मोजावे, कारण जुन्या टेलस्टॉकचा तळ झिजलेला असेल तर आवळताना तो थोडा फिरतो.

गिब आणि स्पिंडल

क्रॉस स्लाइडचा गिब सैल असेल, तर टूल कटाच्या दाबाने कधी मागे सरते, कधी सरत नाही, आणि आलेला टेपर दर वेळी वेगळा असतो. हाच फरक लक्षात ठेवावा: दर जॉबला टेपरचे माप बदलत असेल, तर काहीतरी सैल आहे, माप तेच येत असेल, तर काहीतरी वाकडे आहे. गिब इतका घ्यावा की हँडल फिरवताना एकसारखा, थोडा जडपणा जाणवावा. क्रॉस स्लाइडचा स्क्रू मधल्या भागात जास्त झिजलेला असतो, त्यामुळे मधल्या भागात हँडल बरोबर वाटले तरी टोकाला ते अडकू शकते.

स्पिंडल तपासण्यासाठी मॅग्नेटिक स्टँडवर डायल इंडिकेटर लावून त्याची सुई स्पिंडलच्या नाकावर (चक बसतो त्या टोकावर) टेकवावी, चकमध्ये आखूड जाड बार धरावा आणि लाकडी फळीने तो हळूच वर उचलावा. टेपर रोलर बेअरिंग असेल तर सुई जवळजवळ हलू नये. गनमेटलचे किंवा व्हाइट मेटलचे बुश असतील तर तेलाच्या थरासाठी मुळात काही शतांश मिलिमीटरची फट ठेवलेली असते, त्यामुळे ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर हालचाल दिसली म्हणून घाबरू नये. ०.१ च्या आसपास हालचाल असेल, तर मात्र पुढच्या तपासण्यांना अर्थ उरत नाही. ही तपासणी आडव्या दिशेनेही करावी, कारण टेपर आडव्या दिशेतून येतो.

दोन कॉलरचा बार

आता लेथला खरा प्रश्न विचारता येतो. ४० मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार घ्यावा, चकबाहेर सुमारे १७० मिलिमीटर ठेवावा, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. मधला भाग एखाद मिलिमीटर खाली उतरवून चकजवळ एक आणि टोकाला एक अशा सुमारे १५ मिलिमीटर रुंदीच्या दोन कॉलर उभ्या ठेवाव्यात. लेथ अर्धा तास रिकामी चालवून हेडस्टॉक (ज्यात स्पिंडल बसतो तो भाग) नेहमीच्या तापमानाला आणावा. मग क्रॉस स्लाइडला मध्ये हात न लावता, बारीक ऑटो फीडवर ०.१ मिलिमीटरचा एकच कट दोन्ही कॉलरवरून घ्यावा. बार थंड होऊ द्यावा. ३० अंशांनी तापलेला ४० मिलिमीटरचा स्टीलचा बार जवळजवळ ०.०१४ मिलिमीटर फुगलेला असतो आणि दोन्ही कॉलर सारख्या तापलेल्या नसतात. मग मायक्रोमीटरने मोजावे.

दोन्ही कॉलरमध्ये ०.०२ मिलिमीटरपेक्षा कमी फरक असेल, तर घरच्या कामासाठी लेथ ठीक आहे आणि इथेच थांबावे. हा बार टाकून देऊ नये. त्यावर तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्यावरूनच हलका कट घ्यावा. बारला मी तिसरी, मधोमध एक कॉलर ठेवतो. तिचा उपयोग पुढे येईल.

पाय, फरशी आणि काळी माती

आपल्याकडे परत परत येणारा टेपर बहुतेक वेळा इथे सापडतो, म्हणून याचे थोडे सविस्तर.

लेथचा बेड बिडाचा आणि भक्कम दिसत असला तरी तो पिळला जाऊ शकतो. टेलस्टॉककडच्या दोन पायांपैकी एक पाय जरा खाली बसला की बेडचे ते टोक डावी-उजवीकडे नव्हे, तर पुढे-मागे कलते, आणि सॅडल तिकडे गेल्यावर तीही कलते. टूलची नोक बेडपासून वीतभर उंचीवर असल्यामुळे हा छोटा कल तिथे मोठा होतो. उदाहरणादाखल, पुढच्या आणि मागच्या पायांमधले अंतर २५० मिलिमीटर, सेंटरची उंची १६५ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंच्या पायांमधली लांबी ९०० मिलिमीटर धरू. एक पाय ०.१ मिलिमीटर, म्हणजे दाढीच्या ब्लेडच्या जाडीइतका बसला, तर दूरच्या टोकाला टूल सुमारे ०.०६६ मिलिमीटर सरकते आणि १५० मिलिमीटरच्या जॉबवर व्यासाचा फरक ०.०२ च्या थोडा वर जातो. तीन ब्लेडइतका बसला, तर सुरुवातीला सांगितलेले बेअरिंगचे रडगाणे सुरू होते.

आता हा पाय का बसतो? पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तीच माती आपल्या शेडच्या कोब्याखाली असते. जूनमध्ये पाऊस लागला की शेडच्या ज्या बाजूला छपराचे पाणी पडते ती बाजू आधी उचलली जाते. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाकडची बाजू आधी खाली बसते. चार पाय चार वेगवेगळ्या वेळी हलतात. मी भिंतीवरच्या फळीवर दर दोन महिन्यांनी बारची मापे लिहू लागलो, तेव्हा टेपर जुलैत एका दिशेने आणि एप्रिलमध्ये बरोबर उलट दिशेने जातो, हे दुसऱ्या वर्षी लक्षात आले. झिजलेला बेड असा ऋतू पाहून वागत नाही.

दुरुस्तीची दिशा अशी. मोकळ्या टोकाची कॉलर जाड आली, तर टूल तिकडे जाताना आपल्याकडे कलते आहे. टेलस्टॉककडचा पुढचा पाय उचलावा. मोकळे टोक बारीक आले, तर त्याच बाजूचा मागचा पाय उचलावा. हेडस्टॉककडच्या पायांना हात लावू नये. जॅकिंग बोल्ट असतील तर पाव फेऱ्याने सुरुवात करावी. ते नसतील तर पहारीने पाय अगदी थोडा उचलून पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) किंवा दाढीचे ब्लेड सरकवावे. हे काम मेन स्विच बंद करून, दोघांनी करावे आणि पायाखाली बोट कधीही घालू नये. शिम चिमट्याने धरून सरकवावी. लाकडी पट्टी किंवा पुठ्ठा मात्र वापरू नये, कारण तो दाबला जातो आणि आठवड्यात आपण पुन्हा तिथेच येतो. फाउंडेशन बोल्ट घट्ट केल्यावर प्रत्येक वेळी कॉलर पुन्हा मोजाव्यात; बोल्ट आवळल्यानेही बेड पिळला जातो.

पाणसळीबद्दल दोन शब्द. गवंड्याची पाणसळ या कामाला पुरत नाही; तिला एका मीटरमागे अर्धा मिलिमीटरचा फरकही नीट कळत नाही. मशीन बसवणाऱ्यांकडे असते ती पाणसळ एका घरामागे मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवते. ती एखाद्या दिवसासाठी मिळाली तर बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकजवळ आणि टेलस्टॉकच्या टोकाला अशी दोन वाचने घ्यावीत. बुडबुडा मध्यावरच यायला हवा असे नाही. दोन्ही ठिकाणी तो सारखा असला म्हणजे बेड पिळलेला नाही. ठेवण्यासाठी सॅडलच्या वाटा (बेडवरच्या सरकपट्ट्या) न घेता टेलस्टॉक ज्या वाटांवर सरकतो त्या घ्याव्यात, कारण त्या कमी झिजलेल्या असतात. पाणसळ नसली तरी काम अडत नाही. शेवटचा निकाल दोन कॉलरच देतात.

दर वर्षी शिम बदलण्याचा कंटाळा येत असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय लेथला नव्हे, छपराला करावा. पन्हळ लावून पाणी शेडपासून दूर सोडल्यावर माझ्याकडचा पावसाळी टेपर निम्म्याहून कमी झाला. त्यापुढचा उपाय म्हणजे लेथखालची काळी माती काढून, मुरूम कुटून भरून, वर लोखंडी जाळीचा एकसंध काँक्रीट ठोकळा करणे. लेथचे चारही पाय त्या एकाच ठोकळ्यावर असले पाहिजेत. ठोकळा हलला तरी मग चारही पाय एकत्र हलतात आणि बेडला पीळ बसत नाही. शहाबादी फरशीच्या दोन वेगळ्या तुकड्यांवर पाय असणे सगळ्यांत वाईट.

इथून पुढे हात आखडता घ्यावा

पायांची सगळी मेहनत करूनही टेपर जात नसेल, तर मधली कॉलर पाहावी. तीन कॉलरची मापे एका सरळ चढात असतील, तर अजून पीळ शिल्लक आहे किंवा हेडस्टॉक फिरलेला आहे. चकजवळची कॉलर एकदम जाड आणि बाकीच्या दोन जवळजवळ सारख्या असतील, तर ती बेडची झीज आहे. बहुतेक काम चकजवळच होत असल्याने समोरची वाट तिथे जास्त झिजते, सॅडल तिथे पुढे झुकते आणि टूल जॉबपासून दूर जाते. या झिजेवर शिम चालत नाही.

हेडस्टॉकच्या बाबतीत माझीच एक चूक सांगतो. पायांचा संशय येण्याआधी मी हेडस्टॉकचे चारही बोल्ट सैल करून तो रबरी हातोडीने ‘सरळ’ करायला गेलो. माझ्या लेथचा हेडस्टॉक बेडच्या व्ही आकाराच्या वाटेवरच बसतो, म्हणजे त्याला सरकायला मुळात जागाच नव्हती. खाली एक बुरा शिरला आणि जो टेपर ०.०६ होता तो ०.११ झाला. पुन्हा सगळे उचलून, पुसून बसवण्यात माझे दोन रविवार गेले. व्ही वाटेवर बसलेला हेडस्टॉक जोरात आदळल्याशिवाय हलत नाही. तो सपाट वाटेवर असेल आणि बाजूला सेटिंग स्क्रू असतील, तर तो सरळ करता येतो, पण तेही टेस्ट बार आणि डायल हाताळायची सवय असलेल्या फिटरकडून.

व्हाइट मेटलचे बेअरिंग सैल असेल आणि टोपीखाली पातळ शिमचे थर दिसत असतील, तर दोन्ही बाजूंचा एकेक सारखा थर काढणे शक्य असते, पण थोडे जास्त निघाले की स्पिंडल तापते. अर्ध्या तासानंतर हेडस्टॉकवर हात ठेववत नसेल, तर ताबडतोब बंद करावे. बेअरिंगमध्ये भेगा, सुटलेले तुकडे किंवा तेलात चकाकणारे कण दिसले, तर ते काम ओतकाम आणि बोअरिंग करणाऱ्याचेच आहे. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेली लेथ स्वस्तात मिळाली असेल, तर वरील एकही तपासणी करण्याआधी स्पिंडलचे बेअरिंग उघडून दाखवून घ्यावे, आणि मोटर व वायरिंग इलेक्ट्रिशियनने अर्थिंगसह तपासल्याशिवाय स्विच लावू नये.

बेड झिजला आहे हे तीन कॉलरवरून ठरले, तरी लगेच ग्राइंडिंगला पाठवण्याआधी हिशेब करावा. बेड ग्राइंड झाला की सॅडल खाली बसते, लीड स्क्रू आणि फीड रॉडशी एप्रनची (सॅडलच्या पुढच्या पेटीची) उंची जुळत नाही, मग सॅडलखाली भर घालून स्क्रॅपिंग करावे लागते. हे घरी होणारे काम नाही. ते करायचेच असेल तर संपूर्ण जबाबदारी एकाच रिकंडिशनिंगवाल्याला द्यावी, बेड एकाकडे आणि सॅडल दुसऱ्याकडे असे करू नये. घाण्याच्या पिना, पंपाचे बुश आणि पुल्या एवढेच काम असेल, तर झिजलेल्या १५० मिलिमीटरमधून बाहेर पडणेही चालते: बार चकबाहेर थोडा जास्त काढावा, टेलस्टॉकचा आधार द्यावा आणि अचूक बेअरिंग सीट बेडच्या न झिजलेल्या भागासमोर येईल असे पाहावे. माझ्या शेजारच्या गल्लीतली एक सहा फुटी लेथ बरीच वर्षे अशीच चालली आहे.